चाळून बांधलेला आवाज

अनुसयाबाई लोंढे यांचा आवाज वालाच्या दाण्याएवढा होता आणि तो त्यांच्या मानेत, कातडीखाली बसवलेला होता. कर्करोगात स्वरयंत्र गमावलेला माणूस नुसते ओठ हलवी, मानेतली चिप स्नायूंची हालचाल ओळखी आणि कॉलरला लावलेल्या स्पीकरमधून बोल उमटे. मिरजेच्या बाजारात याचं आता कुणाला नवल वाटत नसे.

नवल होतं ते एवढ्याशा चिपमध्ये माणसाचं बोलणं मावलं कसं याचं, आणि त्याचं उत्तर आपल्या पोटी जन्मलं हे अनुसयाबाई भेटेल त्याला सांगत. बाई अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या. त्यांनी एकाला सांगितलं की गल्लीला कळे.

त्यांची लेक शर्वरी संगणकतज्ज्ञ. तिने लिहिलेल्या साधनाचं नाव ‘शिदोरी’. त्याला ना चित्रं, ना बटणं. काळ्या पडद्यावर ‘शिदोरी बांध’ एवढी ओळ टंकायची, की काम सुरू.

“बांधते काय?” चिप बसायच्या आदल्या दिवशी अनुसयाबाईंनी पाटीवर लिहून विचारलं होतं. तेव्हा त्यांचं सगळं बोलणं पाटीवर चाले.

“प्रवासाला निघताना तू अख्खं स्वयंपाकघर नेत नाहीस ना आई? भाकरी, चटणी, कांदा, एका फडक्यात. तसंच हे. प्रोग्रॅम आणि त्याला लागेल तेवढंच सामान एका गाठोड्यात बांधायचं. मग कुठल्याही चिपवर सोडा, ते बाहेरचं काही मागत नाही. जसंच्या तसं चालतं.”

“आणि मावलं नाही तर?”

“म्हणून चाळायचं. वर्षभर तू गळ्यात हालचाल टिपणारा पट्टा बांधून ओठ हलवलेस. त्यात जो बोल एकदाही आला नाही, तो शिदोरी गाळते. पुढे कधी तसा बोल लागलाच, तर चिप त्याच्या सगळ्यात जवळचा बोलून वेळ मारून नेईल. गाठ मात्र पक्की. दुसऱ्याच्या तोंडी कुणी भलते शब्द घालू नयेत म्हणून ती कुणालाच सुटत नाही. मलाही नाही.”

पडद्यावर गाळायच्या बोलांची यादी सरकू लागली. ‘माझं चुकलं’ हे त्यात बघून शर्वरी खो खो हसली. अनुसयाबाईंनी ते तेवढं ठेवायला लावलं, कधी लागलं तर असावं म्हणून. शेवटी ओळ आली: ‘जाते मी. गाळू?’

अनुसयाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी झरझर लिहिलं, “बघ, तुझ्या यंत्रालाही वळण आहे. घरातून निघताना येते म्हणावं. गाळ तो.”

शर्वरीने ‘हो’ टंकलं. तिलाही आपल्या यंत्राचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येताच अनुसयाबाईंनी ओठ हलवले आणि स्पीकर खणखणीत बोलला, “पुढे सरका, पुढे जागा आहे.” सगळा वॉर्ड हसला. शर्वरीला मात्र रडू आवरेना. आपल्या हातून एवढं मोठं काम झालं, हे तिला त्या क्षणी खरं वाटलं.

चार वर्षं आई पोटभर बोलली. मग दुखणं फुप्फुसात परतलं.

मे महिन्यातली दुपार होती. शर्वरी खाटेजवळ बसली होती. आईचे ओठ हलले.

“येते मी,” स्पीकर म्हणाला.

“ये ना आई. बरी हो, घरी जाऊ.”

आईने मान हलवली. नाही. ओठ पुन्हा हलले, या वेळी सावकाश.

“येते मी.”

“हो गं, ये. मी इथेच आहे.”

आई तिच्याकडे बघत राहिली. तिसऱ्यांदाही यंत्राने चूक केली नाही. आवाज तोच, खणखणीत, “येते मी.”

तेव्हा अनुसयाबाईंनी हात उचलला आणि खाटेच्या लोखंडी कठड्यावर बोटाने दोनदा वाजवलं. टण, टण. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे निघा, हे शर्वरी चालायला लागायच्या आधी शिकली होती. आई निरोप मागत होती, आणि ती मघापासून आईला परत बोलावत होती.

“जा, आई,” शर्वरी म्हणाली. आईने डोळे मिटले.

तेरावं झाल्यावर शर्वरीने काळा पडदा उघडला. राज्यात आता नऊ हजार माणसं तिच्या शिदोरीवर बोलत होती. गाठी सुटणाऱ्या नव्हत्या, पण बांधतानाच्या याद्या शिदोरीकडे होत्या. ‘जातो मी’ किंवा ‘जाते मी’ किती गाठोड्यांत आहे, असं तिने विचारलं. शिदोरीने क्षणात उत्तर दिलं.

एकाही नाही.