ऐंशीव्या अक्षरानंतर

"प्रिंटर बिघडला न्हाय, ताई. मलाच भंगारात काढायलेत," शामला फोनवर म्हणाली.

महेश्वरीनं पेचकसांची पिशवी उचलली आणि तेर गावाकडची बस धरली. जिल्ह्यातले उरलेसुरले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तीच दुरुस्त करायची. शामला साखर कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची; तिथला प्रिंटर सगळ्यांत म्हातारा, आणि महेश्वरीचा लाडका.

कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे तिथला जुना प्रोग्राम ठरवायचा. यंदा त्यानं तुळजाबाईसारख्या छोट्या शेतकऱ्यांचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, मागं ढकलला. त्या उसाला तुरे येऊन वजन घटलं, आणि नव्यानं लावलेली कोवळी लागण आधी तुटली. प्रोग्रामची एक ओळ कुणीतरी बदलली होती. शेतकी विभागाच्या अमरसिंहनं लेखी तक्रार दिली: शामलानंच बदलली. चार वाजता तिला काढल्याचं पत्र निघणार होतं.

महेश्वरीनं प्रिंटरचं झाकण उचललं. काळ्या रबरी रोळाच्या उजव्या टोकाला शाईची अक्षरं एकावर एक बसली होती.

"रोळावर कुणी छापलं गं?"

"दिवाळीत सास्तूरला माहेरी गेले होते. आले तर असंच. शिपायाला लई बोलले."

"आणि रुंद कागद कुठं असतो?"

"माझ्या कपाटात, कुलपात."

त्याच कपाटातून शामलानं गठ्ठा काढला. दर हंगामाआधी ती सगळा प्रोग्राम रुंद कागदावर छापून ठेवायची. ती ओळ लांबलचक होती. आधी लागणीची तारीख, मग शेवटी खोडव्याला पहिला मान देणारी अट. कॉम्प्युटरमधल्या आजच्या ओळीत तारीख वेगळी होती, आणि अट नव्हतीच.

महेश्वरीनं अक्षरं मोजली. दोनदा. मग ती तरातरा कारखान्याच्या मॅनेजरच्या, नारायणराव साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. अमरसिंह तिथंच चहा पीत होता.

"तुम्ही प्रोग्राम कधी बघितला?" तिनं त्याला विचारलं.

"आपण त्या खोलीत पाय ठेवत न्हाय, बाई."

"मग तक्रारीत मूळ ओळ कशी लिहिली?"

"जुन्या गठ्ठ्यात बघून."

"कुठं संपते ती?"

"तारखेवर. हिनं तारीख तेवढी बदलली."

महेश्वरीनं गठ्ठा टेबलावर आपटला. चहा बशीत सांडला.

"साहेब, गठ्ठ्यात ही ओळ तारखेवर संपत नाही. पुढं अट आहे. तारखेवर ती एकाच ठिकाणी संपते, अरुंद कागदावर. तिथं ऐंशी अक्षरं मावतात, पुढची रोळावर उमटतात. दिवाळीत कुणीतरी अरुंद कागद घालून प्रोग्राम छापला, तो वाचून ओळ नव्यानं टाइप केली. न दिसलेली अट गळाली. कॉम्प्युटरमधली ओळ बरोबर ऐंशीव्या अक्षराला तुटते. शामलाला ही ओळ पाठ आहे, ती अट कशाला गाळेल? अरुंद कागद कुणाकडं असतो?"

नारायणराव हळू म्हणाले, "ऊसतोडीच्या चिठ्ठ्या छापायचा. शेतकी विभागात. त्या कपाटाची किल्ली अमरसिंहकडं."

"आणि नव्या तारखेत कुणाची लागण बसली?"

साहेबांनी यादी उलटली. पहिलंच नाव अमरसिंहच्या सासऱ्यांचं निघालं. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला जावई खिडकीबाहेर बघू लागला.

"खोडवा मागं पडंल, हे मला ठाऊक नव्हतं," तो पुटपुटला.

"ठाऊक नव्हतं, म्हणून माझ्या नावावर टाकलंस व्हय?" दारातून शामला म्हणाली.

नारायणरावांनी पत्र फाडलं. झालं गेलं विसरा, कामाला लागा, असं काहीतरी बोलले.

"लागते की," ती म्हणाली. "आधी तुळजाबाईची तोड लावते. मग तुमी माफीचं पत्र सांगायचं, मी छापायचं. रुंद कागदावर, साहेब. एक अक्षर रोळावर जाऊ देणार न्हाय."