बेटावरची नेमणूक

दिवेलागण झाली, देवापाशी समई लावली आणि लॅपटॉप उघडला. माझी मुलगी उन्नती नोकरीसाठी पुण्याला गेली, तेव्हा तिचा मराठेशाहीचा खेळ माझ्यावर सोपवून गेली होती. सरदारांना पदं द्यायची, त्यांची निष्ठा सांभाळायची. एका सरदाराला तिने बाबांचंच नाव दिलं होतं, विलासराव. निष्ठा संपली की सरदार सोडून जातो, असं बजावलंही होतं.

इकडे हे अर्धांगवायूने अंथरुणावर. वाचा गेलेली. भरवणं, कूस बदलणं, त्यात श्रावणी सोमवारचा उपास... अंग आंबून गेलं होतं. डॉक्टर म्हणत, आता त्यांना जगायची इच्छाच उरली नाही.

आणि पडद्यावर विलासरावांची निष्ठा पार तळाला.

जागा एकच रिकामी होती, बेटावरच्या किल्ल्याची. पण कुणाला मानाने बसवायचं तर अक्षता नकोत? पूजेत सुपारीवर करतो तसं मी यांचं नाव-गोत्र घेऊन आवाहन केलं, पडद्यावर अक्षता वाहिल्या आणि किल्लेदारी दिली. निष्ठा काठोकाठ भरली.

आतून खोकल्याचा आवाज आला.

हे उठून बसले होते. माझे डोळे भरून आले. पण खोलीत सुक्या बोंबलांचा वास... श्रावणात आमच्याकडे मासळी येत नाही.

"अहो, बरं वाटतंय ना?"

परक्या बाईकडे बघावं तसं त्यांनी अदबीने पाहिलं. "बाई... मला सोडून होडी परत गेली का?"

उन्नतीला फोन करून विचारलं, बेटावरच्या विलासरावांना परत कसं आणायचं. ती हसली. म्हणाली, पद काढून घे, येतील दरबारात. फक्त निष्ठा शून्य होईल.

आता हे हाताने जेवतात, चालतात. डॉक्टर चकित आहेत. मला 'बाई'च म्हणतात. विसर्जनाच्या अक्षता मी रोज हातात घेते आणि परत ठेवते. ओळखतील हळूहळू, देव आहे.

काल किल्लेदाराचा निरोप आला. 'किल्ला सुखरूप. एकटं करमत नाही. आशालतेला पाठवून द्यावे.'

माझं नाव या खेळात कुणीच घातलेलं नाही.

प्रत्येक निरोपाखाली 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी दोन बटणं असतात. याच्याखाली एकच आहे.