वान्नेसने निवडलेली पिंपं

चव बघायला मी पिंपाचा खिळा उपसला आणि लॅम्बिक बियरची बारीक धार थेट एका अनोळखी माणसाच्या तोंडावर उडाली. तो खाली वाकून पिंपाचे लोखंडी पट्टे तपासत होता.

मी माफी मागितली. त्याने ओठ चाटले.

"आंबट आहे," तो म्हणाला. "पण मालकीणबाईंइतकी नसावी..."

तो वान्नेस. बियर मुरवायला फ्रान्सहून आणलेली वाइनची जुनी पिंपं दुरुस्त करायला बाबांनी त्याला आमच्या बियरच्या कारखान्यात बोलावलं होतं.

त्या हिवाळ्यात बाबांनी मिश्रणाचं काम पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. नवी, जुनी, मुरलेली बियर चाखायची आणि कुठल्या पिंपात कुठलं मिसळायचं ते ठरवायचं. चुकलं तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. माझा धीरच होईना. मग मी घोट घेऊन ग्लास वान्नेसपुढे धरायला लागले. तोही चाखायचा, माझ्याकडे बघत जरा थांबायचा, आणि म्हणायचा, हे घे... किंवा, हे राहू दे. मी निमूट ऐकायचे. दुपारी पांढरं चीज आणि मुळ्याचे काप लावलेला पाव आम्ही एकाच ताटलीतून खायचो. बोटांना बोटं लागली की दोघंही उगीचच छताकडे बघायचो.

पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी त्या मिश्रणाची पहिली बाटली उघडली. एक घोट घेतला, लगेच दुसरा घेतला. मग डोळे पुसत त्यांनी वान्नेसला विचारलं, कसला वास येतोय सांग.

वान्नेसने ग्लास खाली ठेवला.

"काका, मला वास येत नाही. लहानपणी ताप आला, त्यात गेला. आंबट-गोड तेवढं कळतं."

मी सुन्न झाले. तळघरात बाटल्यांच्या रांगा लागल्या होत्या... सगळ्या याच्या शब्दावर!

"मग... मग तू पिंपं निवडलीस कशी?"

"तुझ्याकडे बघून. आवडलं की तू घोट लगेच गिळत नाहीस. नाही आवडलं की नाकाचा शेंडा हलतो."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं, तर तू मला शेजारी बसू दिलं असतंस?"

मी तरातरा पिंपांपाशी गेले. तो मागोमाग आला.

"भिंतीकडे तोंड कर," मी म्हणाले.

त्याने केलं. मी खिळा काढला, ग्लास भरला, एकटीने चाखलं. खूप वेळ तोंडात घोळवलं.

"हे घ्यायचं," मी म्हणाले. माझाच आवाज मला नवा वाटला.

"वळू का?"

"वळ... आता सांग, काय दिसतंय?"

तो बघत राहिला. कानांपर्यंत लाल झाला.

"हे बियरबद्दल नाहीये," तो हळूच म्हणाला.

"नाहीच मुळी," मी म्हणाले.