चौथ्या अंकातली भिंत

दुपारचं जेवण आटोपून एर्सिलिआ कारोत्सो उशी काखेत मारून घराबाहेर पडली. प्रॉम्प्टरच्या पेटीतल्या लाकडी स्टुलावर तासन्‌तास बसून तिची कंबर धरत होती, म्हणून जुन्या चादरीत लोकर भरून तिने ही उशी शिवली होती. दुसऱ्या हातात बदामाच्या दुधाची बाटली होती. ती दोरोतेआसाठी.

तोरेक्युझाच्या गल्ल्या त्या वेळी ओस पडलेल्या असतात. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतींवरून ऊन असं उसळतं की डोळे उघडे ठेववत नाहीत. खिडक्या लावून सारं गाव आत आडवं झालेलं असतं. दूर कुठेतरी एखादा रातकिडा चुकून दुपारीच ओरडू लागावा तसे टोळ किरकिरत राहतात, आणि ते थांबले की कानात दडे बसल्यासारखं होतं. एर्सिलिआ लहान होती तेव्हा तिची आई तिला या वेळी ड्यूकच्या महालाच्या चौकातून जाऊ देत नसे. "ती आत्ता जागी असते," एवढंच म्हणायची. कोण, ते गावात कुणाला विचारावं लागत नव्हतं.

नापोलीच्या नाट्यगृहांत आयुष्य काढून एर्सिलिआ गावी परतली होती. गाणाऱ्याच्या ओठांवर शब्द यायच्या क्षणभर आधी तो त्याच्या कानावर घालायचा, एवढंच तिचं काम. रंगमंचाच्या पुढच्या कडेत खोल बसवलेल्या पेटीतलं तिचं डोकंसुद्धा प्रेक्षकांना दिसत नसे. यंदा गावाच्या उन्हाळी महोत्सवात 'ला मुराता' होणार म्हटल्यावर दिग्दर्शक लान्फ्रान्को स्वतः तिच्या दाराशी आला होता.

ला मुराता, म्हणजे भिंतीत चिणलेली. गोष्ट याच महालातली. ड्यूकच्या बहिणीने शत्रूच्या मुलाशी सूत जुळवलं, आणि ड्यूकने तिला चौकाच्या उत्तरेकडच्या भिंतीत जिवंत चिणलं. गावातल्याच एका संगीतकाराने त्यावर ऑपेरा रचला, आणि शंभरएक वर्षांपूर्वी तो एकदाच, याच चौकात झाला. शेवटच्या अंकात नायिका भिंतीमागून गाते. विटा चढत जातात तसतसा तिचा आवाज विझत जातो. त्या प्रयोगातली नायिका शेवटच्या सुरानंतर कुणाला दिसली नाही, असं गावात सांगत. कुणी म्हणे, एका वादकाबरोबर पळून गेली. म्हातारी माणसं काही म्हणत नसत.

चौकात रंगमंच त्याच भिंतीला लागून उभारला होता. पुढे लाकूड आणि कापडाची खोटी भिंत, मागे महालाची खरी दगडी भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये माणूस जेमतेम उभं राहील एवढी फट.

दोरोतेआ रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसली होती. फाएन्त्सा शहरातल्या एका बेकरीवाल्याची ही मुलगी. नायिकेची भूमिका तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

"हळूहळू पी, घशाला गार लागेल," एर्सिलिआने बाटली तिच्या हाती दिली.

"मावशी, तुम्ही मला लठ्ठ करणार. मग त्या फटीत मी मावायची कशी?"

"नाही मावलीस तर बरंच."

दोरोतेआ हसली. एर्सिलिआला मात्र आपण हे का बोललो ते कळलं नाही.

तालीम सुरू झाली. चौथ्या अंकात खोट्या भिंतीला एक झरोका ठेवला होता. त्यातून एर्सिलिआला दोरोतेआचा चेहरा दिसे आणि तिला शब्द देता येत. मग गवंडी झालेले नट शेवटची वीट बसवत, झरोका बंद होई, आणि उरलेल्या दोन ओळी दोरोतेआ एकटीच, पाठ केलेल्या, गात असे. वीट बसली. एर्सिलिआ गप्प झाली. दोन ओळी झाल्या, पियानोचे सूर विझत आले... आणि भिंतीमागून आणखी एक ओळ आली. त्याच चालीत, सहज.

"इथे दोघींना जागा आहे..."

ही ओळ संहितेत नव्हती. एर्सिलिआने पान उलटून पुन्हा पाहिलं.

"शेवटची ओळ कुठून आणलीस?" दोरोतेआ बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं.

"तुम्हीच तर दिलीत. अगदी कानाशी येऊन."

"वीट बसल्यावर मी तोंड उघडत नाही, पोरी."

"मग कानाशी कोण होतं?"

"कुठल्या कानाशी?"

दोरोतेआने डावा हात वर नेला आणि अर्ध्यातच थांबली. "मागून, दगडाकडून..." ती म्हणाली.

लान्फ्रान्कोला मात्र ओळ फार आवडली. ठेवा, म्हणाला. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत त्यामागे आणखी एक ओळ आली. 'तू थांब, मी जाते.' या वेळी दोरोतेआ बाहेर आली ती ओठ चाटत. तोंडात चुन्याची चव येते आहे, म्हणाली. तिच्या केसांना बंद विहिरीसारखा ओलसर वास येत होता. आणि इकडे चौकातली फरशी उन्हाने तापून भाजत होती.

एर्सिलिआ तडक लान्फ्रान्कोकडे गेली. "तिला विंगेतून गाऊ द्या. त्या फटीत उभी करू नका."

"एर्सिलिआबाई, उभं आयुष्य नाट्यगृहात काढलंत आणि भुताला भिता?"

"नाट्यगृहात काढलं म्हणूनच भिते."

"विंगेतून तो आवाज येणार नाही. रेडिओवाले यायचे आहेत. तुम्ही शब्द द्या, बाकीचं माझ्यावर सोडा."

दोरोतेआने स्वतःच नकार दिला असता तर गोष्ट वेगळी होती. एर्सिलिआने तिला तसं सांगूनही पाहिलं. दोरोतेआने हातातला ग्लास खाली ठेवला.

"मावशी, ही भूमिका सोडली तर मला पुन्हा कोण बोलावणार? पीठ मळायला परत जायचं का मी?"

"पीठ मळणारी माणसं जगतात."

"गाणारीही जगतात की." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही असाल ना पेटीत?"

"असेन. वीट बसल्यावरही शब्द देत राहीन. मोठ्याने. तू फक्त माझा आवाज ऐक. दुसऱ्या कुणाचा नाही."

प्रयोगाच्या दिवशी चौक माणसांनी भरून गेला. सूर्य मावळतानाच चौथा अंक यावा, असा लान्फ्रान्कोने बेत केला होता, आणि तो बरोबर जमला. गच्च्यांवरचं ऊन तांबडं झालं, मग राखाडी. पाकोळ्या चौकावरून ओरडत गेल्या आणि एकाएकी गप्प झाल्या. नट विटा चढवू लागले. झरोक्यात दोरोतेआचा चेहरा दिसत होता, पांढराफटक, डोळे एर्सिलिआवर रोखलेले. एर्सिलिआने शब्द दिला. दोरोतेआने उचलला. पुन्हा दिला. पुन्हा उचलला.

वीट बसली.

एर्सिलिआ थांबली नाही. पहिल्या रांगेतले लोक वळून बघतील इतक्या मोठ्याने ती शब्द देत राहिली. भिंतीमागून पहिली ओळ आली, बरोबर. दुसरी आली, तीही बरोबर. एर्सिलिआने पुन्हा पहिलीच दिली, मुलीच्या कानात दुसऱ्या कुणाला शिरायला जागा उरू नये म्हणून. भिंतीमागे क्षणभर काहीच नाही... मग आवाज आला.

"इथे दोघींना जागा आहे..."

हा आवाज दोरोतेआचा होता. त्यानंतरचा नव्हता.

"तू थांब. मी जाते."

वाद्यांवर तरंगत तो असा काही वर चढला की प्रेक्षकांतून हलकासा उसासा निघाला. एर्सिलिआने पेटीचं मागचं झाकण ढकललं आणि ती रंगमंचाखाली शिरली. काळोख, भुसा, केबलींची गुंडाळी. डोक्यावरच्या फळ्यांतून गाणं झिरपत होतं. गुडघे सोलवटत ती मागच्या बाजूला निघाली आणि फटीच्या तोंडाशी उभी राहिली.

दोरोतेआ प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती. दोन्ही तळवे आणि तोंड दगडी भिंतीला चिकटलेलं. ती गात नव्हती. तिची पाठ हलतसुद्धा नव्हती. आणि गाणं चालूच होतं... तिच्या शेजारून, खोट्या भिंतीच्या बाजूने, खांद्याएवढ्या उंचीवरून. तिथे कुणी नव्हतं. ओल्या चुन्याचा वास मात्र दाट भरला होता.

तिने त्या बाजूला बघितलं नाही. मुलीच्या कमरेला मिठी मारली आणि ओढलं. आधी काहीच झालं नाही. मग घट्ट बसलेलं बूच निघावं तसा आवाज झाला, आणि दोरोतेआ तिच्या अंगावर कोसळली. तळव्यांची आणि ओठांची साल दगडालाच राहिली होती. तोंड पांढऱ्या ओल्या लगद्याने गच्च भरलं होतं. एर्सिलिआने बोटं घालून तो बाहेर काढला, पुन्हा काढला, आणि तिला ओढत कमानीखालच्या कपड्यांच्या खोलीत नेलं. तिथे दोरोतेआने पहिला श्वास घेतला. बाहेर शेवटचा सूर बारीक होत होत विझला. चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला.

दोरोतेआ जगली. दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रद्द झाला. लान्फ्रान्कोने आधी आरडाओरडा केला, मग मुलीचे ओठ पाहून तो खाली बसला. तिचे वडील तिला फाएन्त्साला घेऊन गेले. जखमा भरल्या, पण आवाज परत आला नाही, कुजबुजण्यापुरतासुद्धा. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. ती आता बेकरीत बसते, पाव बांधून देते. हिवाळ्यात एर्सिलिआ तिच्याकडे जाऊन राहते. दोघी भट्टीजवळ बसतात. एर्सिलिआ बोलते, दोरोतेआ मान हलवते. एक गोष्ट मात्र एर्सिलिआने तिला कधी सांगितली नाही.

त्या संध्याकाळी टाळ्या थांबल्यावर कोर्रादो त्या खोलीत आला होता. नायिकेच्या प्रियकराचं काम करणारा तो धिप्पाड, साधा माणूस. एर्सिलिआच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या, डोळे मिटलेल्या दोरोतेआकडे बघत तो दारातच थबकला.

"ही इथे कधी आली?"

"गाणं संपायच्या आधीपासून इथेच आहे."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "मावशी, चेष्टा नको. आत्ता मी हिचा हात धरून लोकांना वंदन केलं. पुन्हा पुन्हा बोलावत होते. भिंतीमागून आली, माझ्या शेजारी उभी राहिली. मी म्हटलंसुद्धा, किती गार पडलेत तुझे हात..."

त्याने तळवा उघडून पाहिला. तो पांढरा झाला होता. त्याने तो अंगरख्याला पुसला, पुन्हा पाहिला.

"काही बोलली ती?" एर्सिलिआने विचारलं.

"वंदनाच्या वेळी नाही. नंतर, विंगेत आल्यावर..." कोर्रादोने मागे वळून दाराबाहेर पाहिलं. "रस्त्यावर जायचा दरवाजा कुठला, म्हणून विचारलं तिने."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला, "मी दाखवला."