शिट्टीसाठी ठेवलेली जागा

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण खाली कमेंटमध्ये येऊन मला शहाणपण शिकवू नका. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात घडलेली आहे.

आणि रात्र नव्हती बरं का. वीज गेली नव्हती, कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे वाळत घालत होती. भुतं घड्याळ बघून येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

मी स्वतः तिथे नव्हते. पण दादा, वहिनी आणि मिशा या तिघांनाही मी वेगवेगळं गाठून विचारलंय. माझा स्वभावच तसा आहे, संशयी. तिघांचंही सांगणं जुळलं. न जुळतं तर बरं झालं असतं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. गिटार वाजवतो, माउथऑर्गन वाजवतो, हाताला लागेल ते वाजवतो. येत नाही ती फक्त शिट्टी. ओठांचा चंबू करून फुंकर मारली की नुसती हवा बाहेर येते. लहानपणी आम्ही सगळी भावंडं त्याला ‘पंक्चर’ म्हणायचो.

मिशा हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. नावाप्रमाणेच मिशी आहे. तो कॉम्प्युटर गेम बनवतो. पाठीशी कंपनी नाही की काही नाही. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, डोकेदुखीही त्याचीच. आणि संगीत दादाचं.

गेम होता काऊबॉयचा. वाळवंट, घोडा, लाकडी दारांचं एक ओसाड गाव. एक स्वार आपल्या हरवलेल्या भावाला शोधत हिंडतो. या गेमसाठी दादानं शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी सोडली होती. घरच्यांनी डोक्याला हात लावला. पण दादा म्हणाला, “आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी शिकवली. आता काहीतरी माझं स्वतःचं होऊ दे.”

गेमचं संगीत सिनेमासारखं एका दमात वाजत नाही. ते थरांचं असतं. स्वार गावापासून लांब असला की फक्त घोड्याच्या टापा. जरा जवळ आला की त्यावर गिटार चढते. अजून जवळ आला की माउथऑर्गन. आणि अगदी गावाच्या वेशीशी आला, की शिट्टी. ती कोण वाजवतं, ते खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही.

टापा दादानं पसरट टबात वाळू भरून, तिच्यावर लाकडी वाट्या आपटून काढल्या. गिटार झाली, माउथऑर्गन झाला. शिट्टीचं घोडं मात्र अडलं. वाजवणार कोण? आणि वाजवायचं तरी काय? दादाची चाल अर्ध्यात येऊन अडकली होती. पुढची ओळ काही केल्या सुचत नव्हती.

आता एक बारीकशी गोष्ट सांगते, ती नीट लक्षात ठेवा.

कुठलीही खोली पूर्ण शांत नसते. फ्रिजची घरघर असते, पंखा असतो, लांबची एखादी गाडी असते. म्हणून वाजवायच्या आधी दादा थोडा वेळ नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करतो. मग ते कॉम्प्युटरला ऐकवतो आणि सांगतो, हा खोलीचा आवाज आहे, हा माझ्या वाजवण्यातून काढून टाक. कॉम्प्युटर तेवढा आवाज पुसतो. मागे उरतं ते फक्त वाजवणं.

शिट्टीच्या जागी काहीच नसेल तर गेम अडकत होता. म्हणून दादानं काय केलं, तर त्या रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंगच ‘शिट्टी’ असं नाव देऊन तिथे ठेवून दिलं. तात्पुरतं. कामचलाऊ. हे लोक नेहमी करतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी मिशाचा फोन आला.

“अरे, शिट्टी कोणाकडून वाजवून घेतलीस? अंगावर काटा आला माझ्या!”

“कुठली शिट्टी?”

“नाटकं करू नकोस. शेवटची ओळ तर काय सुचलीये तुला! मानलं.”

दादाला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं फोन ठेवला आणि ती फाइल उघडून ऐकली.

आधी पंख्याची घरघर.

मग फ्रिज.

मग...

लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी, शिट्टी. दादाचीच चाल. जिथे तो अडकला होता तिथे न अडकता ती सरळ पुढे गेली आणि अशी काही संपली, की दादा म्हणतो, मला मत्सर वाटला. भीती नाही, मत्सर. आधी तोच वाटला.

आणि मग मनात शंकेची पाल चुकचुकली.

त्यांच्या सगळ्या फाइली इंटरनेटवर एका सामाईक जागी असायच्या. मिशा त्या कधीही बदलू शकत होता. त्यातच वहिनीनं आदल्या आठवड्यात मिशाला जाहिरातवाल्याबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. जाहिरातवाला म्हणजे साबणाच्या नि पंख्यांच्या जाहिरातींना चाली लावणारा एक गृहस्थ. हात चलाख, जीभ त्याहून चलाख.

झालं. दादानं दोन आणि दोन पाच केले. मिशानं त्या जाहिरातवाल्याकडून शिट्टी करून घेतली, गुपचूप फाइल बदलली, आणि आता ‘मानलं’ म्हणून आपल्यालाच शेंडी लावतोय. आज शिट्टी, उद्या गिटार, परवा ‘तुझी गरज नाही.’

तोंडावर काही न बोलता दादानं सापळा लावला. पुन्हा रिकामी खोली रेकॉर्ड केली. या वेळी इंटरनेटवर ठेवलीच नाही. आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवली आणि खोलीला कुलूप लावून बाहेर जाऊन आला. आल्यावर ऐकली.

पंखा. फ्रिज. आणि...

शिट्टी. या वेळी भिंतीच्या अलीकडे.

तरी माणसाचं मन बघा. दादाला भूत सुचलं नाही. त्याला वहिनीचा संशय आला.

“मिशाला घरात घेतलं होतंस का?” त्यानं विचारलं.

“कधी?”

“मी बाहेर गेलो तेव्हा. खरं सांग.”

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं घडी खाली ठेवली.

“कुलपाची किल्ली तुझ्या खिशात आहे. आणि तुमच्या त्या घोड्याच्या खेळात मला काडीचा रस नाही. तुला बरं नाहीये का?”

दादानं मिशाला फोन लावला आणि मनात साचलेलं सगळं ओकलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस, म्हणाला. तो जाहिरातवाला हवा असेल तर तसं सांग, म्हणाला. माझ्या जागी कोणालातरी बसवतोयस, हे मला कळत नाही का?



“तो मला काम मागायला आला होता,” मिशा म्हणाला. “मी त्याला सांगितलं, माझ्याकडे माणूस आहे. ऐक, मी येतो. समोरासमोर काय तो सोक्षमोक्ष लावू.”

आणि तो आला. तीच ती दुपार.

खोली लहानशी, मागच्या बाजूची, पूर्वीची अडगळीची. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. दादानं मिशासमोर इंटरनेटची वायर उपटली. मिशाचा फोन बंद करून बाहेर ठेवायला लावला. मिशानं मुकाट्यानं ठेवला. दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले, हात मांडीवर, ओठ मिटून.

आधी रिकामी खोली रेकॉर्ड केली. मग दादानं गिटार घेतली आणि पूर्ण चाल वाजवली, नव्या ओळीसकट. वाजवताना मिशाला मध्येच खोकला आला. त्यानं हातानंच माफी मागितली.

मग ऐकायला बसले. आधी रिकामी खोली लावली.

पंखा. फ्रिज. समोरच्या गच्चीवर बादली सरकल्याचा आवाज. बाकी काही नाही. शिट्टी नाही.

मिशानं सुस्कारा सोडला. “बघ. काही नाहीये. तुझं तुलाच काहीतरी...”

“थांब,” दादा म्हणाला. त्यानं तो खोलीचा आवाज कॉम्प्युटरला दिला, गिटारमधून पुसायला सांगितला, आणि गिटारचं रेकॉर्डिंग लावलं.

पंखा गेला होता. फ्रिज गेला होता.

आणि...

गिटारही गेली होती.

फक्त शिट्टी होती. लांबून नाही, भिंतीपलीकडून नाही. अगदी माइकच्या तोंडाशी. मध्ये मध्ये श्वास घेतल्याचंही ऐकू येत होतं. पूर्ण चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि मध्येच मिशाचा खोकला, स्वच्छ, जसाच्या तसा.

“माझा खोकला आहे,” मिशा हळूच म्हणाला. “मग तुझं वाजवणं कुठे गेलं?”

दादानं न पुसलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात गिटार होती. पण बंद दाराबाहेर बसून कोणी वाजवावी, तशी. शिट्टी आत, गिटार बाहेर.

“माइक बिघडलाय,” दादा म्हणाला. हे म्हणताना त्याचाच विश्वास नव्हता. “आपण नुसतं बोलून बघू. काहीही बोल.”

त्यांनी बोलणं रेकॉर्ड केलं. मिशानं मुद्दाम शाळेतल्या गोष्टी काढल्या. दादानं गणिताच्या सरांची नक्कल केली, मिशा खो-खो हसला. दोघांनाही जरा बरं वाटलं. मग कॉम्प्युटरकडून ते साफ करून घेतलं आणि ऐकलं.

मिशाचा आवाज होता. तो काहीतरी विचारत होता. मग शांतता. मग तो ‘हो ना रे’ म्हणत होता. पुन्हा शांतता. मग एकटाच खो-खो हसत होता, कोणीही न सांगितलेल्या विनोदावर.

मिशानं दादाचं मनगट घट्ट धरलं. नंतर तो मला म्हणाला, “मला बघायचं होतं की हा शेजारी आहे ना.”

“कॉम्प्युटरला काय वाटतंय माहितीये?” दादा म्हणाला. “खोलीचा जो आवाज पुसायचा, तो म्हणजे मी. आणि वाजवणारा दुसराच कोणीतरी आहे.”

“खड्ड्यात गेला गेम,” मिशा म्हणाला. “पूस सगळं. आत्ताच्या आत्ता.”

“माझी चाल आहे ती!” दादा ओरडला. गिटार होती त्यात, माउथऑर्गन होता, सगळं कष्टाचं होतं. तो चांगलाच भांडला. मोठमोठ्यानं, हातवारे करून भांडला. मिशा त्याला समजावत राहिला.

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी दारात उभी होती.

“मिशा, एकटाच काय बडबडतोयस?” ती हसून म्हणाली. “मी केव्हापासून ऐकतेय बाहेरून. हा कुठे गेला?”

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

दादा तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तो म्हणाला, “मी इथे आहे.”

वहिनी अजूनही मिशाकडेच बघत होती. मग तिची मान वळली आणि ती दचकली. “अगं बाई! तू आहेस होय इथे? मला दिसलाच नाहीस.”

मिशानं त्याच दुपारी सगळं पुसलं. सामाईक जागेवरचं, दादाच्या कॉम्प्युटरवरचं, सगळं. दादा कोपऱ्यात बसून बघत होता. या वेळी तो भांडला नाही. खोली रिकामी केली, गाद्या काढल्या, माइक देऊन टाकला. मिशाचा गेम अजून अर्धाच पडलाय आणि जाहिरातवाल्यालाही त्यानं विचारलं नाही. मी आडून आडून खूप खणून पाहिलं, की हा सगळा मिशाचाच उद्योग तर नाही ना? तसं निघालं असतं तर मी आनंदानं त्याच्या मिशा उपटल्या असत्या. पण तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. एवढं खोटं कोणाला रडता येत नाही.

दादा हल्ली फार बोलतो. पूर्वी असा नव्हता. घरात कोणी नसलं तरी मोठ्यानं बोलत असतो. वहिनी म्हणते, तो मागे येऊन उभा राहिला तरी मला कळत नाही, चाहूलच लागत नाही. म्हणून त्यानं घरात चपला घालायला सुरुवात केलीये. तरीही लागत नाही.

रोज संध्याकाळी तो मला फोन करतो. काही विशेष नसतं. आज काय केलं, काय वाचलं, गुडघा दुखतोय. आणि दर थोड्या वेळानं विचारतो, “ऐकू येतोय ना मी?”

“हो रे दादा, अगदी स्पष्ट.”

आधी आधी ते खरं होतं.

आता मध्येच त्याचा आवाज जातो. फोन कट होत नाही, सेकंद पुढे सरकत असतात. रेंज असते. मी दुसऱ्या फोनवरूनही करून पाहिलं. पलीकडून काहीच येत नाही. खरखर नाही, श्वास नाही, काही नाही. पण मला माहीत असतं, की तो तिथे बसून बोलतोय आणि माझ्या उत्तराची वाट बघतोय.

म्हणून मी थोड्या थोड्या वेळानं म्हणत राहते, “हो दादा... ऐकतेय मी... बोल.”

काल तर फोन उचलल्यापासून ठेवेपर्यंत मी एवढंच म्हणत होते.