दगडांच्या बागेतला निरोप

राजन बिवलकर शारजातल्या एका कंत्राटी कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता. नकाशा बघायचा आणि भिंतीला किती वीट लागेल ते सांगायचं, हे त्याचं काम. ‘अंदाजे’ हा शब्द त्याला आवडत नसे.

मुलाच्या, तन्मयच्या, अकरावीसाठी बायको अनुपमा त्याला घेऊन पुण्याला गेली, त्या गोष्टीला आठ महिने झाले होते. शारजाच्या रोल्ला भागातल्या दोन खोल्यांत राजन आता एकटाच राहत होता. ऑफिसात इंग्लिश, साइटवर हिंदी. मराठी फक्त फोनवर, तीही कार्डातली मिनिटं संपेपर्यंत.

“शुक्रवारची सुट्टी म्हणून घरात नुसता पडून राहू नकोस,” अनुपमा फोनवर म्हणाली. “वाळवंटातले ते दगड तरी बघून ये. तन्मयला न्यायचं न्यायचं म्हणताना राहूनच गेलं.”

म्हणून २००१च्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो निघाला. ओळखीचा टॅक्सीवाला होता, तय्यब. पेशावरकडचा, कमी बोलणारा. धैद गावच्या रस्त्यानं तासभर गेल्यावर डांबर संपलं. पुढे तारेचं कुंपण, एक फाटक आणि अरबी-इंग्रजी पाटी. आत वाऱ्यानं कोरलेल्या दगडांचं मैदान. अनुपमा त्याला दगडांची बाग म्हणायची.

“यल्ला, साहब, घूम के आइए,” तय्यब म्हणाला. “मैं इधर ही हूँ.” त्यानं सीट मागे केली आणि डोळ्यांवर रुमाल टाकला.

दगड फार उंच नव्हते. कुठे माणसाएवढे, कुठे दोन पुरुष. बुंध्याशी वाऱ्यानं खाल्लेले, वर पसरट. काही बसलेल्या उंटांसारखे, काही डोक्यावर भारा घेतलेल्या बायांसारखे. सगळे एकाच बाजूला कललेले. वारा वायव्येकडून येतो, तेव्हा ते तसेच कलणार, हे राजनला कळत होतं. तरीही त्यांच्यामधून चालताना, सगळे आपल्याकडे पाठ करून बसलेत असं वाटलं. फाटकाजवळचं एका कुटुंबाचं हसणं हळूहळू मागे पडलं. मग फक्त बुटांखालची वाळू.

अकराच्या सुमारास त्याला कुणाचं तरी खाकरणं ऐकू आलं.

एका रुंद दगडाच्या पोटात कपार होती. आत एक माणूस उकिडवा बसला होता, तोंड आतल्या बाजूला. अंगात कामगाराचा निळा डगला, डोक्याला पंचा. दगडाचाच रंग त्याच्या पाठीवर उतरला होता.

“गाववाले काय?” मागे न बघताच त्यानं विचारलं.

राजन थबकला. याला कसं कळलं? पण त्याहून जास्त त्याला बरं वाटलं. “पुण्याचा,” तो म्हणाला.

“मी राजापूरकडचा. कोंडशेत. बाबाजी घाडी. हितं रस्त्याचं काम चाललंय.”

रस्त्याचं काम कुठेच दिसत नव्हतं. राजनच्या ते लक्षात आलं, पण त्यानं विचारलं नाही. बाबाजीच विचारत होता. माणसं कुठं असतात? पोरगा कितवीत? घरी एकटं जेवण जातं काय? राजन सांगत गेला. संध्याकाळी कुलूप उघडण्याआधी आपण दाराबाहेर जरा वेळ उभे राहतो, हे त्यानं अनुपमालाही सांगितलं नव्हतं. ते त्यानं या माणसाच्या पाठीला सांगितलं.

“एक निरोप न्याल?” शेवटी बाबाजी म्हणाला. “आमच्या कावेरीला सांगा, काम खलास होत आलंय. चुलीपुढची लादी बसवायची ऱ्हायलीय. कुणाकडून बसवून घेऊ नको म्हणावं. मी येतोय.”

“सांगतो.”

“बसा की अजून.”

राजनला बसावंसं वाटलं. खरोखर वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी त्याचा दंड धरून ओढला. तय्यब होता. धावत आल्यासारखा धापा टाकत होता.

“साहब, क्या कर रहे हो? पौन घंटे से दूर से देख रहा हूँ, कितनी आवाज़ें दीं. पत्थर को माथा लगा के खड़े हो. बातें कर रहे हो, हँस रहे हो.”

राजननं वळून पाहिलं. कपार नव्हती. दगडात वीतभर खोल खोबण होती, त्यात मांजरही मावलं नसतं. वाळूत त्याच्या एकट्याच्याच बुटांचे ठसे होते, दगडाशी येऊन घोट्याएवढे रुतलेले.

परतताना तय्यबनं गाडीत रेडिओ लावला नाही. रोल्लात पोचल्यावर राजननं आरशात पाहिलं. कपाळावर दगडाच्या कणांची नक्षी उमटली होती. ती तीन दिवस गेली नाही.

मे महिन्यात तो रजेवर पुण्याला आला. चौथ्या दिवशी म्हणाला, “राजापूरला जाऊन येतो. तिकडे भेटलेल्या एकाचा निरोप द्यायचाय.”

“कोण कुठला माणूस,” अनुपमा म्हणाली. “पत्र टाक ना.”

“तोंडी सांगतो म्हणून कबूल केलंय.” यापुढचं त्याला सांगता आलं नाही.

कोंडशेत खरंच होतं. घाड्यांचं घर विचारल्यावर एका माणसानं चिऱ्याच्या पायऱ्या दाखवल्या. अंगणात पन्नाशी उलटलेली बाई आमसुलं वाळत घालत होती. कावेरीच ती. राजननं सगळा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

ती हात न थांबवता ऐकत होती. लादीचं आलं तेव्हा थांबली.

“ती बसवून चौदा वर्षं झाली,” ती म्हणाली. “ह्यांनी आल्या आल्या बसवली.”

“म्हणजे ते परत आलेत?”

“सत्त्याऐंशीला. घरातच असतात, पण अर्धे तिकडंच राहिलेत.” तिनं पदराला हात पुसले. “असा निरोप घेऊन येणारे तुम्ही चौथे.”

राजननं तिच्या मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

“तुम्ही किती वेळ होता त्यांच्यापाशी?” तिनं विचारलं.

“पाऊण तास.”

तिनं त्याच्या कपाळाकडे निरखून पाहिलं. मग त्याला आत घेऊन गेली.

आतल्या खोलीत अंधार होता. भिंतीकडे तोंड करून बाकावर एक म्हातारा बसला होता. कावेरीनं सांगितलं, “तिकडून आलेत.”

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं नाही.

“किती वाजले होते?” त्यानं विचारलं.

आवाज तोच होता.

“अकरा,” राजन म्हणाला. “निघालो तेव्हा पावणेबारा.”

“दुपारी तिथं ऊन येतं. बसा की अजून.”

असं म्हणून तो बाकावर थोडा डावीकडे सरकला, आणि शेजारी एका माणसापुरती जागा झाली.