कार्पेटला पडलेली सुरकुती

पांडुरंगासमोर हात जोडून सांगतो, यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. चंदीगड, सेक्टर अडतीस, यमुनामामीचं भाड्याचं घर.

रात्र नव्हती. भरदुपार होती.

रामचंद्रमामा बदलीवर तिकडे गेले आणि वर्षभरात त्यांना अर्धांगवायू झाला. वॉकर धरून ते रोज तीनला पलंगापासून दारापर्यंत चालायचे. डॉक्टरांनी मामीला बजावलं होतं, आता पडले तर पुन्हा उठणार नाहीत.

आणि नेमकी त्याच वाटेवर कार्पेटला सुरकुती पडली.

भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. मामी साताऱ्याची, खाली पुसल्याशिवाय देवपूजा करायची नाही. तेही ती रोज ओल्या फडक्याने पुसायची.

मनीमाजऱ्याहून कार्पेट बसवणारे बलकार सिंग आले. कोपरा उचलून वास घेतला आणि हसले.

"बहनजी, इसको रोज नहलाओगे तो फूलेगा ही."

ओलीने गोंद सुटतो, कार्पेट सैल पडतं, त्यांनी समजावलं. मग वाळवलं, गुडघ्याने रेटून ताणलं, कडेच्या खिळ्यांत अडकवलं, उरलेली पट्टी कापली.

मामीने ओलं फडकं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी... सुरकुती परत. पलंगाकडे हातभर सरकलेली.

बलकार सिंग पुन्हा आले. कडा घट्ट, खाली ठणठणीत कोरडं. या वेळी ते हसले नाहीत. चहा न घेताच गेले.

मामीने पलंग फिरवला.

सुरकुतीही वळली.

तिने मोबाइलवर कीर्तन लावलं. टाळ वाजत होते तोवर सगळं शांत. बुवा श्वास घ्यायला थांबले की... खालून सरसर...

शेवटी मामी गुडघे टेकून त्या सुरकुतीवर बसली. सगळा भार टाकला.

"माझे पाय घे," ती म्हणाली. "त्यांना चालू दे."

तळहाताखाली काहीतरी थांबलं.

मग बाजूने वळसा घालून पुढे गेलं.

मामीने स्वयंपाकघरातून सुरी आणली. अख्खं कार्पेट फाडून अंगणात फेकलं. नखांतून रक्त आलं. खाली नुसतं सिमेंट.

त्या दुपारी मामा दारापर्यंत चालले. कितीतरी दिवसांनी हसले. मामीने त्यांना निजवलं, अंगावर चादर ताणून खोचली.

पायथ्याशी... एक सुरकुती उठली. घोट्यांवरून गुडघ्यांकडे...

"यमुना," मामा म्हणाले, "पाय जड झाले गं."

ते त्यानंतर उठलेले नाहीत.

आता दोघं साताऱ्याला असतात. मामी दिवसभर चादर ताणून धरते. परवा ती आंघोळीला गेली, म्हणून चादर मी धरली. दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून.

तरी ती माझ्या मुठीतच सैल पडत गेली...

मामा माझ्याकडे बघत होते. मी मूठ आणखी आवळली.